‘ओळखीचीच गाणी घ्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पहिल्या ओळीला टाळी पडली पाहिजे, नाहीतर ते गाणं कार्यक्रमात नको. पनवेलमध्ये दिवाळी पहाटेची आखणी करायला बसलेल्या एका समितीत हा नियम जवळपास एकमताने ठरला. आम्ही दोघी-तिघींनी वेगळं सुचवलं होतं. तुकोबांचे अभंग, श्रीनिवास खळ्यांच्या चाली आणि लता मंगेशकरांचा आवाज असलेला ‘अभंग तुकयाचे’ हा अल्बम गावातल्याच गायक-वादकांनी पहिल्या अभंगापासून शेवटच्यापर्यंत सादर करावा, एकही न गाळता. खळ्यांचा जन्म ३० एप्रिल १९२६चा, बडोद्याचा. म्हणजे निमित्तही जन्मशताब्दीचं होतं. सूचना फेटाळली गेली. समितीला आपला कार्यक्रम ठरवायचा पूर्ण हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फेटाळताना दिलेल्या कारणांबद्दल. ही कारणं पनवेलपुरती नाहीत. गाण्याचा कार्यक्रम ठरवायला चार माणसं जमली की कुठेही हीच ऐकू येतात, आणि कोणी उलट बोलत नाही म्हणून ती खरी मानली जातात.

कारणं चार होती. एक, लोकांना ओळखीचंच हवं असतं. दोन, अल्बम ‘हळूहळू आवडायला लागतो’ हा भ्रम आहे; कानावर सारखी पडणारी कोणतीही गोष्ट आवडू लागते, आणि पैसे मोजून घेतलेली कॅसेट माणूस ऐकणारच. तीन, अल्बम ही तबकडी विकणाऱ्या कंपन्यांची सोय होती. गाणं हेच खरं एकक, आणि आता तबकडी गेली तर तिच्यासोबत अल्बमही जाऊ द्यावा. चार, सलग चाळीस मिनिटं एकच गोष्ट ऐकायला आज कोणाला वेळ आहे? ही कारणं मांडणारी माणसं गाण्यावर प्रेम करणारी आहेत, म्हणून प्रत्येक कारणाला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी ओळखीच्या गाण्यांचं. लोकांना माहीत आहेत म्हणून ठरावीक गाणी गायची, आणि ती गायली जातात म्हणून लोकांना माहीत राहतात, या चक्रात ‘लोकांची आवड’ नेमकी येते कुठून? दिवाळी पहाटेला तीच, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेनंतर तीच, टीव्हीवरच्या स्पर्धेत पुन्हा तीच. स्पर्धक ती निवडतो कारण परीक्षकांना ती ठाऊक असतात. आम्ही ती निवडतो कारण स्पर्धकाने गायलेली असतात. काळाच्या चाळणीतून उत्तम तेवढंच उरतं, असं एका गृहस्थांनी बैठकीत सांगितलं. पण चाळणी काळाच्या हातात असते तेव्हा तसं होतं. इथे ती आपल्याच हातात आहे आणि आपण तिच्यात नवं काही घालतच नाही.

श्रोत्याला अनोळखी गाणं झेपत नाही हेही खरं नाही. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांची गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण ५६ गाणी. नवं गाणं शुक्रवारी सकाळी लागे, आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा ऐकवलं जाई. पुढच्या शुक्रवारची चाल कशी असेल हे श्रोत्यांपैकी कोणालाही माहीत नसे. १९ एप्रिल १९५६पर्यंत, वर्षभराहून अधिक काळ, घरंच्या घरं रेडिओभोवती बसून ते ऐकत राहिली. त्या श्रोत्यांचे कान वेगळ्या मातीचे नव्हते. त्यांना एक अनोळखी गोष्ट क्रमाने, पुन्हा पुन्हा आणि पूर्ण मिळाली, म्हणून ती त्यांची झाली. फार जुनं उदाहरण वाटत असेल तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा ‘गारवा’ आठवा. सौमित्रच्या कविता आणि मिलिंद इंगळ्यांची गाणी. गाण्यांच्या अधेमधे कविता नुसत्या बोललेल्या. त्या कविता गाळून कॅसेट पुढे पळवणारा कॉलेजातला मुलगा माझ्या पाहण्यात नाही. त्या पिढीला बोललेल्या ओळीही पाठ होत्या.

दुसरं कारण सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८मध्ये प्रयोगांतून दाखवलं की निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं, अपरिचितांचे चेहरे केवळ पुन्हा पुन्हा समोर आले तरी माणसाला ते अधिक आवडू लागतात. बैठकीत याचाच हवाला दिला गेला. पण हवाला अर्धाच होता. २०१३मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी चित्रांवर असाच प्रयोग केला. टॉमस किंकेड या भरपूर खपणाऱ्या, गोडगोड चित्रं काढणाऱ्या चित्रकाराची चित्रं आणि जॉन एव्हरेट मिले या नामवंत चित्रकाराची चित्रं त्यांनी विद्यार्थ्यांना कमीजास्त वेळा दाखवली. किंकेडची चित्रं जितकी जास्त वेळा पाहिली तितकी ती कमी आवडू लागली. मिलेच्या चित्रांची तशी घसरण झाली नाही. प्रयोग चित्रांवरचा आहे, गाण्यांवर तो जसाच्या तसा लादता येणार नाही. पण ‘काहीही सारखं समोर आलं की आवडतं’ एवढं सरसकट विधान त्यानंतर कोणाला करता येणार नाही. वारंवार भेटीने गोष्टीचा कस लागतो, आणि त्यात काही उतरतात, काही उतरत नाहीत.

हे समजायला लीड्सला जायचीही गरज नाही. आपल्या तालुक्यातल्या लग्नसराईत बघा. हळदीच्या रात्री वाजणारी गाणी एका मोसमात कानावर किती वेळा पडतात! त्यांतली काही पुढच्या वर्षी कोणी लावा म्हणत नाही. आणि शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली कोळीगीतं मात्र तीन-तीन पिढ्यांना अजून नाचवतात. कानावर तर दोन्ही पडली. मग निकाल वेगळा का?

पैसे मोजले म्हणून ऐकलं, हे म्हणणंही टिकत नाही. आमच्या घरातल्या कॅसेटच्या खणात पैसे सगळ्याच कॅसेटींना मोजले होते. बऱ्याचशा दोनदा-चारदा वाजल्या आणि मागच्या रांगेत गेल्या. ‘अभंग तुकयाचे’ मात्र पुढेच राहिली, आणि तीही सुरुवातीला कोणाला फारशी आवडली नसताना. हे कसं घडलं ते सांगते, कारण माझा मुख्य मुद्दा त्यातच आहे.

माझे सासरे, घरातल्या सगळ्यांचे बाबा, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत. पनवेल तालुक्यातल्या आगरी गावांत भजन हा फावल्या वेळेचा छंद नसतो, गावाची ती एक व्यवस्थाच असते. ही कॅसेट पहिल्यांदा लागली तेव्हा त्यांनी ‘सुंदर ते ध्यान’ हा अभंग ऐकला. हा रूपाचा अभंग. भजनाच्या सुरुवातीला तो म्हणायचाच, आणि बाबांनी तो आयुष्यभर वाजवलेला. ऐकून ते म्हणाले, “ही चाल आपली नाय. बुवाने ओळ टाकली तर मंडळ ती उचलणार कशी?” त्यांचा आक्षेप अगदी बरोबर होता. भजनाची चाल बांधलेली असते ती वीस-पंचवीस गळ्यांनी उचलायला. तिच्यात टाळकऱ्यांना जागा लागते. खळ्यांची चाल एका गळ्यासाठी आहे. ऐकायला सोपी वाटते, आणि म्हणायला गेलं की प्रत्येक वळणावर माणूस अडखळतो.

तरी बाबा ऐकत राहिले. कोणी आग्रह केला नव्हता. संध्याकाळी चहाच्या वेळी कॅसेट लागे आणि ते तिथेच बसलेले असत. काही महिन्यांनी मी पाहिलं, की त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती आणि मध्येच थांबत होती. शब्द जिथे संपेल असं त्यांना वाटे तिथे तो संपत नव्हता, थोडा पुढे जाऊन विसावत होता. त्या जागेसाठी ते बोटं उचलून थांबायचे, आणि शब्द टेकला की पुन्हा ठेका. पखवाज वाजवणाऱ्या माणसाने चालीशी केलेला हा संवाद होता. पुढे ते मंडळातल्या सोबत्यांना स्वतःहून या चालींबद्दल सांगू लागले. मंडळात मात्र त्यांनी ती चाल कधी आणली नाही. “आपली चाल सगळ्यांनी म्हणायची, ही एकट्याने ऐकायची,” असं ते म्हणत. एकाच अभंगाची दोन कामं असू शकतात हे त्यांनी ओळखलं होतं. पहिल्या ऐकण्यात हे कोणाच्या लक्षात आलं असतं?

सासूबाईंना अभंग आवडत, पण ‘भेटी लागीं जीवा’ लागला की त्या म्हणत, फार सावकाश आहे गं. त्या अभंगात पंढरीच्या निरोपाची वाट पाहणाऱ्या जिवाला तुकोबांनी दिवाळीच्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेल्या लेकीची उपमा दिली आहे. सासूबाईंचं माहेर विमानतळासाठी उठलेल्या गावांपैकी एका गावात. चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावं एकामागून एक उठली, घरं पाडली गेली, माणसं नव्या वसाहतींत गेली. भाऊ तिकडेच आहे, भाऊबीजही चुकत नाही. पण ज्या दारातून बोलावणं येई ते दार राहिलं नाही. त्यानंतरच्या दिवाळीत तो अभंग लागला तेव्हा त्या हातातलं काम ठेवून उभ्या राहिल्या आणि संपेपर्यंत हलल्या नाहीत. चाल तीच होती, लयही तितकीच सावकाश होती. ती सावकाश का आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आणि माझी मुलगी. तिला लहानपणी ‘खेळ मांडियेला’ तेवढा आवडायचा, कारण त्यात नाचता येतं. ‘कन्या सासुरासी जाये’ तिला जुनाट वाटे. सासर-माहेर हे काय लावलंय, म्हणायची. शिकायला हॉस्टेलवर गेली आणि पहिल्याच सुट्टीनंतर परत जाताना तिने फोनवर तोच अभंग लावलेला मी ऐकला. घरातून निघताना मागे वळून पाहणं हे फक्त सासरी जाणाऱ्या मुलीचं नसतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

यात सवयीने काय केलं? कॅसेट हाताशी ठेवली, एवढंच. बाकीचं काम अभंगांनी आणि आयुष्याने मिळून केलं. अल्बम हळूहळू आवडतो याचं कारण ऐकणारा बदलत असतो, आणि चांगल्या अल्बममध्ये त्या बदलत्या माणसासाठी आधीच काहीतरी ठेवलेलं असतं. घरात सात वर्षांचं मूल असतं, सत्तरीचे आजोबा असतात. प्रत्येकाचं गाणं वेगळं, त्याची वेळही वेगळी. कोणाचं गाणं कोणतं आणि ते कधी पोचेल हे कोणत्याही समितीला आधी सांगता येणार नाही. म्हणून निवडक दोन गाणी घेऊन बाकीची सोडा म्हणणं म्हणजे कोणाची तरी गाठ कायमची चुकवणं आहे. आमच्या घरात फक्त ‘टाळीची’ गाणी वाजली असती, तर बाबांना ती थांबण्याची जागा सापडली नसती.

आता तिसरं कारण, अल्बम ही कंपन्यांची सोय असल्याचं. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपलं भावगीत त्याच मापात वाढलं. सुट्या गाण्याने मराठी घराला जे दिलं त्याला तोड नाही. १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक ध्वनिमुद्रण बसू लागलं आणि आज ज्याला आपण अल्बम म्हणतो तो आकार रुळला. इथपर्यंत इतिहास बरोबर आहे.

पण तबकडीने आपल्याला फक्त जागा दिली. अनेक रचना एका क्रमाने, एका बैठकीत, एक सलग गोष्ट म्हणून ऐकण्याची रीत आपल्याकडे तबकडीच्या कितीतरी शतकं आधीची आहे. हरिपाठ घ्या. ज्ञानदेवांचे सत्तावीस अभंग, रोज, त्याच क्रमाने, पूर्ण म्हणायचे. त्यातले लोकप्रिय तीन निवडून म्हणू या, असं कोणत्याही गावात कोणी सुचवत नाही. वारकरी भजनालाही क्रम असतो. आधी गजर, मग रूपाचा अभंग, पुढे विषयाचे अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी. गौळण सगळ्यांची लाडकी असते, म्हणून कोणी सुरुवातीला घेत नाही. आधीच्या अभंगांनी मन एका ठिकाणी आणलेलं असतं, तेव्हा गौळण खुलते. खळ्यांनी आणि लताबाईंनी तुकोबांचे अभंग एका अल्बममध्ये आणले तेव्हा ते याच जुन्या रीतीला नवी जागा देत होते. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडी गेली. हरिपाठ पनवेलजवळच्या गावांत आज संध्याकाळीही म्हटला जाईल. वस्तू जाते म्हणून रीत जात नाही.

चौथं कारण वेळेचं. पनवेलकराने हे म्हणावं याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. हार्बर लाइनच्या लोकलने पनवेलहून सीएसएमटीला जायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. आपल्यातली कितीतरी माणसं हा प्रवास रोज दोनदा करतात, आणि कानात इअरफोन असतात. वेळ आहे. तो तुकड्यातुकड्याने वापरायची सवय आपल्याला लावली जाते आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. ज्या धंद्याचा हिशेब तीस सेकंदांवर चालतो तो धंदा पहिल्या तीस सेकंदांत पकडणारी गाणी मागणार, हे ओघानेच आलं. तो त्यांचा व्यापार आहे, तो त्यांनी करावा. पण दिवाळी पहाटेला सेकंद मोजणारं यंत्र नसतं. माणसं अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, मुलांना घेऊन पहाटे येऊन बसलेली असतात. त्यांच्यापुढेही तोच नियम लावायचा?

आणि या नियमाविरुद्ध खुद्द त्या व्यवसायातूनच आवाज उठला आहे. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश गायिका अडेलचा ‘३०’ हा अल्बम आला, तेव्हा तिच्या मागणीवरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर गाणी आपोआप उलटसुलट क्रमाने वाजवणारं बटण मुख्य जागेवरून काढलं. गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो, तो तसाच ऐकला जावा, हे तिचं म्हणणं होतं. गाणी ऐकवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीने ते मान्य केलं. पनवेलच्या समितीने मान्य करायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मीही मान्य करते. प्रत्येक अल्बम अख्खा ऐकण्याच्या लायकीचा नसतो. कॅसेटच्या भरभराटीच्या काळात एक गाजलेलं गाणं आणि बाकी भरताड असे ढीगभर अल्बम आले. त्यांतलं एकच गाणं ठेवून बाकीची विसरलेली बरी. पण अख्खा ऐकल्याशिवाय भरताड कोणतं आणि हळूहळू उलगडणारं कोणतं हे कळणार कसं? समितीने ‘अभंग तुकयाचे’ ऐकून, त्यातले अमुक अभंग कमी पडतात असं सांगितलं असतं, तर वाद वेगळा झाला असता. तसं झालं नाही. टाळी पडणार नाही या भीतीने नकार आला.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. पनवेलला वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, वडाळे तलावाचा काठ आहे, गावोगाव भजनी मंडळं आहेत, संगीत शिकणारी मुलं आहेत. वर्षातल्या इतक्या कार्यक्रमांपैकी एक तरी कार्यक्रम एका अख्ख्या अल्बमला द्यावा. ‘अभंग तुकयाचे’ने सुरुवात करावी, पुढच्या वर्षी दुसरा घ्यावा. गाण्याआधी भाषण नको, मध्ये निवेदकाची शेरोशायरी नको. अभंग संपल्यावर टाळी पडली नाही तर थांबावं आणि पुढचा अभंग घ्यावा. शेवटी चार माणसं जरी ‘तो मधला कोणता होता हो?’ असं विचारत आली, तरी कार्यक्रम यशस्वी झाला असं धरावं. कारण ती घरी जाऊन तो पुन्हा लावतील, घरातलं कोणीतरी ‘सावकाश आहे’ म्हणेल, आणि काम सुरू होईल. जे गाणं लोकांना आधीच येतं ते त्यांना परत ऐकवणं सोपं आहे. जे त्यांना अजून दहा वर्षांनी लागणार आहे ते आज त्यांच्या हाती देणं, हे गावाच्या समितीचं काम आहे.